मिठाची लाईन, तिकडचं पाणी

आमच्या मागच्या पडवीला वाशाच्या जागी एक रूळ होता. लोखंडी, लहान गाडीचा, धुरानं काळा पडलेला. आईचा सगळा संसार त्याला लटकलेला असायचा. सुक्या वाकटी माशांच्या माळा, जवळ्याची टोपली, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या, बाबांचा सदरा आणि पावसाळ्यात आमची ओली कापडं. मांजराचे पाय त्या लोखंडावर ठरत नसत. ते उडी मारायचं, घसरायचं, धपकन खाली पडायचं आणि आपण पडलोच नाही असं तोंड करून निघून जायचं. आई म्हणायची, "त्या मेल्या शेटनी जन्मात एकच बरं काम केलान. मांजराला चढता येनार नाय असा वासा दिलान." मिठागरवाल्या शेटनं काही दिला नव्हता. लाईन बंद पडली तेव्हा बाबा आणि काका तो रूळ खांद्यावर टाकून घेऊन आले होते. सगळं गावच घेऊन आलं होतं. देवळाची पायरी रुळाची, ओहोळावरचा साकव रुळांचा, विहिरीवरचा रहाट बसवला तोही रुळावर. शाळेची घंटा म्हणजे हातभर रूळ टांगलेला, त्यावर मास्तर दगडानं मारायचे. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा नव्हती असं नाही, मीच नव्हतो. पण त्या घंटेचा आवाज अजून कानात आहे. तर सांगायचं ते हे, की गावात बघाल तिथं लाईन होती. जिथं लाईन होती तिथं मात्र लाईन नव्हती.

ही लाईन म्हणजे आगगाडी नव्हे. इंजिन नाही, शिट्टी नाही, तिकीट नाही. आमच्या मिठागरातलं मीठ गलबतावर चढवायचं तर आमची खाडी उथळ, गलबत आत येईना. म्हणून शेटनं आमच्या आगरापासून बांधाबांधानं पीरबंदरपर्यंत रूळ टाकले आणि त्यावर लोखंडी ट्रॉल्या. मीठ भरायचं आणि दोघांनी मागनं ढकलत न्यायचं. माझे बाबा ढकलणाऱ्यातले. पुढं ट्रक आले, सडक आली, शेट मुंबईला गेला आणि लाईन पडली. बाबांची चाल मात्र लाईनीवरच राहिली. रुळांमधल्या लाकडी पाटांवर पाय टाकत जन्म गेलेला, त्यामुळं त्यांचं पाऊल दोन पाटांइतकंच पडायचं. कमी नाही, जास्त नाही. मोकळ्या मैदानातही तसंच, मान खाली, हात जरा पुढं, जणू काही ढकलतायत. बाजाराला जाताना आई मागं राहायची आणि ओरडायची, "अवो, ट्रॉली रिकामी हाय, हलू चला." ते वळूनही बघत नसत. आता मी जिन्यावरनं उतरतो तेव्हा सून म्हणते, "बाबा, तुम्ही एका लयीत उतरता."

माझा दोस्त धर्मा. तोंडानं इतका फाटका की त्याची आईच म्हणायची, ह्याला हळद लागायच्या आधी मार लागेल. एका दुपारी आम्ही बांधावर निवटे भाजत बसलो होतो. निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे ते डोळे वर आलेले मासे. दिसायला भूत, खायला लोणी. धर्मा म्हणाला, "नाम्या, पीरबंदरला एक ट्रॉली अजून उभी हाय."

"कोन बोलला?"

"मीच बोलतोय ना."

"आणि तुला कोन बोलला?"

"तुला ट्रॉली पायजे का साक्षीदार पायजे?"

मला ट्रॉली पाहिजे होती. ती घेऊन काय करणार हे आम्ही ठरवलं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या माणसाला एवढं ठरवायची गरज वाटत नाही. ट्रॉली आहे, ती लाईनीच्या टोकाला आहे, म्हणजे लाईनीनं चालत जायचं, बस. सडकेनं पीरबंदरला जायचं तर पेणला वळसा, दोन एसट्या आणि अख्खा दिवस. पण आमच्या गावचं कोणी पीरबंदरला जातच नसे. लाईन बंद झाली तेव्हा दोन्ही गावं रूळ उपटत उपटत निघाली आणि मधल्या मोरीवर समोरासमोर आली. मोरी म्हणजे बांधाखालनं पाणी जाण्याचा दगडी पूल. तिच्यावरचे दोन रूळ कुणाचे, यावरनं डोकी फुटली. मग ते दोन रूळ कोणीच नेले नाहीत, आणि त्या दिवसापासून मुली देणं-घेणंही बंद झालं.

आम्ही गेलो ते भांगाच्या दिवसांत. अष्टमीच्या आसपास समुद्राला जोर नसतो, पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, त्याला आमच्यात भांग म्हणतात. पुनव-अमावास्येला उधाण, तेव्हा आगरात पाणी घ्यायचं काम. खाडीचं दार उघडून उधाणाचं पाणी आत भरायचं, मग ते वाफ्यावाफ्यात खेळवायचं. त्या दिवसांत बाबा मला मरायलासुद्धा सुट्टी देत नसत. तेव्हा आमचं सगळं हुंदडणं भांगातलं. हे लक्षात ठेवा, पुढं याच्यावरच सगळं बुडालं.

आईनं तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि एक कांदा फडक्यात बांधून दिला. कुठं जातो ते सांगितलं नव्हतं. लाईन शोधणं म्हणजे काय गंमत असते, ते आता मोटारीत बसून काचेतनं बघणाऱ्यांना कळायचं नाही. रूळ नाहीत, पाट सडलेले, वर बाभळी. पण डोळा बसला की लाईन दिसते. झाडी सगळीकडे वेडीवाकडी, आणि मधेच एक पट्टा सरळ. भांग पाडल्यासारखा. खाली बघितलं तर चिखलात एखादा खिळा, एखादा पाट, त्याखाली राहणारी चिंबोरी नांग्या वर करून आम्हालाच विचारणार, काय काम आहे. धर्मा पुढं चालायचा आणि तोंडानं चाकांचा आवाज काढायचा, करकर करकर. बाबांची ट्रॉली तशी वाजायची म्हणे. पुढं मोरी आली. दगड जागेवर, मधला भाग ढासळलेला, आणि त्यावर ते भांडणातले दोन रूळ अधांतरी. खाली पाणी म्हणाल तर घोट्याला. आम्ही खालनंच चिखलातनं गेलो.

पलीकडं बांध चढलो, बाभळी संपल्या, नारळ लागले, लाईन सरळ एका घराच्या अंगणात घुसली आणि तिथं ट्रॉली उभी होती. धर्मा खरं बोलला होता. आयुष्यात त्यानं तेवढंच खरं बोलून घेतलं. ट्रॉलीवर झावळ्या टाकलेल्या, पुढं जाळी लावलेली आणि आत कोंबड्या. आम्ही वाकून बघतोय तोवर मागनं आवाज आला, "अंडी चोरता का ट्रॉली?"

वळलो. डोक्यावर टोपली, टोपलीत चिंबोऱ्या, कासोटा वर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं राखी. ही चांगुणा. तेव्हा मला नाव ठाऊक नव्हतं. धर्मानं छाती काढली. "आम्ही पेनवरनं आलोय. लायनीचे सायेब हाव. तपासनी चालूय."

ती म्हणाली, "सायेब, तुमच्या लेंग्याची नाडी लोंबतेय, ती आधी तपासा."

मी हसलो. धर्मा नाडी आत ढकलत मला लाथ मारत होता आणि मी हसत होतो. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि हे दुसरे सायेब दात दाखवायला ठेवलेत काय?" मग तिचा बाप बाहेर आला. पदाजी त्याचं नाव, अंगानं ओंडका, आवाज ढोलाचा. कुठले म्हणून विचारलं, आम्ही सांगितलं. त्यानं आमच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमच्या गावची मानसं पाय धुतात का तशीच पानावर बसतात?" म्हणजे जेवायला बसा. चिंबोऱ्यांचं कालवण होतं, भाताचा ढीग, आणि वालाचं बिरडं. नांगी फोडता फोडता मी तिच्याकडं बघितलं, आणि नांगी फुटली ती थेट पदाजीच्या सदऱ्यावर उडाली. असो.

नंतर लाईन शोधायची बाकी नव्हती, तरी मी शोधायला जात राहिलो. दर भांगाला. धर्मा म्हणायचा, "नाम्या, खिळा राहिला वाटतं एखादा." एकदा ती मोरीपर्यंत आली होती चिंबोऱ्या धरायला. मी खाली चिखलातनं येतोय आणि ती वर, त्या अधांतरी रुळावरनं, डोक्यावर टोपली घेऊन, अनवाणी, एका रुळावर पावलापुढं पाऊल टाकत. मी खालनं म्हणालो, "पडशील." ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "पडायला मी काय वरच्या पाड्याची हाय?" वरचा पाडा म्हणजे आम्ही.

घरी चांगुणाचं सांगितलं तेव्हा आईनं हातातली उलथणी खाली ठेवली. एवढं एकच. बाबा म्हणाले, "लायन जाते अजून तिथपत्तर?" मी म्हणालो, जाते. ते म्हणाले, "मग बघू." दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मनातनं भांडण संपवायचंच होतं, फक्त आधी कोण वाकणार एवढाच प्रश्न. बाबा पेणवरनं वळसा घालून, दोन एसट्या बदलून पदाजीकडं गेले. मी बरोबर. पदाजीनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "पोरगा बरा हाय. घर बरं हाय. पण मी पोरगी देनार नाय."

"का?" बाबा म्हणाले.

"आज किती वाजता निघालात?"

"कोंबड्याला."

"आणि आता दिवस कलला. माज्या पोरीला आयस आठवली, तर ती एसटीची वाट बघत बसेल? लेकीच्या घरी चालत जाता आलं पायजे आणि तिला चालत येता आलं पायजे. हा तुमचा नाम्या म्हनतो, लायन हाय. तुमी दोघं पोरं उड्या मारत आलात, ती वाट नव्हं. सगळं वऱ्हाड लायनीनं आना. म्हातारी, लेकुरवाळी, वाजंत्री, सगळी. वेळेला पोचलात तर वाट हाय. नाय पोचलात, तर वडे आमी खातो, तुमी माघारी जा. पोरगीला दुसरी जागा बगून ठेवलीय, घराशेजारची."

ती दुसरी जागा म्हणजे चार घरं सोडून राहणारा एक बैलासारखा पोरगा. चांगुणा दाराआड उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

आमचं वऱ्हाड न्यायचं तर पाणी धरायला हवं. आमच्यात पाणी धरणं म्हणजे भरती कधी लागेल त्याचा हिशेब. तो पोरालाही येतो. तिथीला पाऊण करायची, तितक्या वाजता समुद्राला भरती. द्वितीया असेल तर दीड वाजता, चतुर्थीला तीन. पण आमचं गाव खाडीच्या पार आत, पाणी वळसे घेत घेत येतं, म्हणून आमच्यात वर एक तास धरायचा. हे इतकं अंगात मुरलेलं, की धरतो हेसुद्धा कळत नाही. लग्न वैशाखात निघालं, पुनवेनंतरच्या द्वितीयेला. मी हिशेब केला. दीड आणि एक, अडीच. मोरीला पाणी लागायच्या कितीतरी आधी आपण पार. बाबांना विचारलं, ते म्हणाले, "मोरीला पानी लागतच नाय. उघाडी हाय ना तिथं." उघाडी म्हणजे पाणी अडवायचं लाकडी दार. ते त्यांच्या ट्रॉलीच्या काळात होतं. आता त्याची एक फळीही उरली नव्हती, पण ते मोरीच्या कुठल्या अंगाला असायचं हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यांना बघायला कोणी नेलं नव्हतं.

तर निघालो. सकाळी, उन्हं कोवळी असताना. पुढं वाजंत्री, मागं बायका, डोक्यावर रुखवत, कडेवर पोरं. मी मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार, पायात नवे करकरीत बूट. मधोमध भिवराआजी. ही आमची धवलारीण. आमच्यात लग्न लावायला भट लागत नाही, धवलारीण लागते. ती धवले म्हणते, गाणी म्हणत म्हणत एकेक विधी करवते, आणि चुकलात तर गाण्यातच शिव्या घालते. भिवराआजीला दात नव्हते पण आवाज असा, की खाडीपलीकडचे बगळे उडायचे. दर थोड्या वेळानं ती बसायची. "पान." पान खाऊन झालं की उठायची. मग वाजंत्रीवाल्यांना चहा पाहिजे. बाभळीच्या काट्यात मामीचं लुगडं अडकलं. सगळ्यांत पुढं बाबा, मान खाली, हात पुढं, पाट नसलेल्या पाटांवर बरोबर पाऊल टाकत. कधी न हसणारा माणूस गालात हसत होता. मला वाटलं, झालं, जमलं.

मोरीशी आलो आणि मोरी दिसेना. जिथं घोट्याला चिखल असायचा तिथं पाणी वाहत होतं, छातीइतकं, फेस घेऊन. वरचे दोन रूळ तेवढे पाण्याच्या वर हातभर. धर्मा म्हणाला, "नाम्या, तू पानी कुठलं धरलंस रे?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मोरीला लागतं ते पाणी आमच्या खाडीचं नव्हे. ते पीरबंदरकडनं येतं. पीरबंदर समुद्राच्या तोंडावर, तिथं वळसा नाही, तिथं तास धरायचा नसतो. मी तास धरला होता. आणि मी मोरी बघितली ती कायम भांगात, उधाणात एकदाही नाही.

पलीकडच्या बांधावर पीरबंदरची माणसं उभी. वाजंत्री ऐकून आलेली. पदाजी पुढं, हात बांधून. त्याच्या शेजारी तो बैल. पदाजीनं हाक मारली, "काय जावईबापू! वाट हाय म्हनला होतात ना?" तिकडं हशा. धर्मानं ऐकलं आणि रागानं पाण्यात पाय टाकला. दोन पावलं गेला आणि नाहीसा झाला. मग त्याचा फेटा वर आला, मग तो आला. ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर घेतला, आपल्यालाही उतरायला सांगतील या भीतीनं. बायका कुजबुजायला लागल्या, माघारी फिरू, अपशकून आहे. आईनं रुखवतातली कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. ऊन चढत होतं. भिवराआजी बांधावर बसली. "पान," ती म्हणाली. "वेळ माज्यासाठी थांबेल, तुमच्यासाठी थांबनार नाय." पाणी उतरायला दुपार टळली असती. वेळ टळली असती. मी बूट काढायला लागलो. मला पोहता येतं, पण म्हातारीकोतारी कशी नेणार, आणि पदाजीची अट सगळ्या वऱ्हाडाची.

तेवढ्यात पलीकडची माणसं बाजूला झाली. चांगुणा आली. हिरवं लुगडं, हळदीनं पिवळी, कपाळाला मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा. तिच्या मागं तिची आई ओरडत, "गे बये, नवरी हायस तू!" तिनं कासोटा वर खोचला. रुळावर पाय ठेवला. पावलापुढं पाऊल. खाली उधाण फुगत होतं, वर ती आपली चिंबोऱ्यांना निघाल्यासारखी. वाजंत्री थांबली. भिवराआजीचं पानसुद्धा थांबलं. मधोमध आल्यावर ती थांबली, मागं वळून बापाला म्हणाली, "बा, वाट हाय. ह्यांना चालता येत नाय, त्याला वाटेनं काय करायचं?"

मग माझ्याकडं बघून, "आणि तुमी. उभे काय? घ्यायला आले ना मी."

पदाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी तो रागावला, मग हसू दाबायला लागला, मग दाबता येईना. अट कशासाठी होती, तर पोरगीला चालत जाता-येता आलं पाहिजे. ती समोर चालून दाखवत होती. भिवराआजी उठली. उठताना तिला कोणी कधी हात दिला नव्हता, आज माझ्या बाबांनी दिला. ती म्हणाली, "हितंच लावते. रुळाला काय शिवाशिव नाय." अंतरपाट धरायचा तर बांधाच्या कडेला मी, रुळाच्या टोकाला ती, मधे धर्माचा ओला फेटा आडवा. नवरीचा बाप मात्र पलीकडं. "यावं लागेल व्याही!" आजी खाडीभर ओरडली. पदाजी धोतर डोक्याला गुंडाळून पाण्यात उतरला. ओंडका तो, वाहून जाणार कुठं. आला, भिजलेला, शिव्या देत, माझ्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "तास धरलास ना? मला वाटलंच. तुमच्या गावची मानसं तास धरूनच जन्माला येतात."

धवले झाले. अक्षता पडल्या त्या निम्म्या आमच्या डोक्यावर आणि निम्म्या पाण्यात, आणि त्या खायला पाण्यात बोयट मासे उड्या मारायला लागले. बंदरावरचा कासमचाचा होडीतनं वड्यांच्या टोपल्या घेऊन आला, वर मटणाचं पातेलं. "दुल्हेमियाँ, तुमची शादी आणि आमची मच्छीमारी एकाच जागी झाली," म्हणाला. सगळं वऱ्हाड त्या अरुंद बांधावर एका रांगेत जेवलं. ज्या मोरीवर डोकी फुटली होती, तिथंच. पाणी उतरल्यावर पीरबंदरला गेलो, बाकीचे सोपस्कार तिथं. बाबा दिसेनात म्हणून शोधत गेलो, तर पदाजीच्या अंगणात ट्रॉलीच्या मागं उभे. दोन्ही हात लोखंडावर टेकलेले. आत कोंबड्या कलकलत होत्या. ते म्हणाले, "हिचं डावं चाक मीच बशिवलेलं." मग हात काढून घेतले.

चांगुणाचं म्हणणं आयुष्यभर एकच. मी तुमच्या घरी नांदायला आलेच नाय, तुमी अर्ध्यात अडकलात म्हनून घ्यायला आले. मी घरातनं कुठंही निघालो, पेणला, पनवेलला, नाहीतर नुसता दाढीला, की आतनं विचारायची, "पानी कुठलं धरलंत?" पोरं मोठी झाली, त्यांना वाटायचं ही म्हणजे आईची काहीतरी सवय आहे. ती माहेरी जायची ती लाईनीनंच, उधाणात रुळावरनं, पोटात पोर असतानासुद्धा. मी खाली चिखलात उभा राहून ओरडायचो. ती ऐकायची नाही.

गेल्या वर्षी तिला पनवेलच्या दवाखान्यात ठेवली होती. आमच्यात म्हणतात, माणूस जायचंच असेल तर ओहोटीला जातं, पाणी भरत असताना जीव जात नाही. शहाण्यांनी हसावं, माझं काही म्हणणं नाही. तिला नळ्या लावलेल्या, बोलणं बंद. षष्ठी होती. मी मनातल्या मनात पाऊण केली, साडेचार. वर एक तास. साडेपाचपर्यंत पाणी भरतंय. तोवर भीती नाही. उठलो आणि खाली टपरीवर चहाला गेलो. पावणेपाच झाले असतील. वर आलो तेव्हा सून दारात उभी होती.

मी पुन्हा तास धरला होता. ती तिकडच्या पाण्याची. साडेचारला तिच्या खाडीचं पाणी फिरलं, आणि ती पाण्याबरोबर गेली. पन्नास वर्षं माझ्या घरी राहिली, पण पाणी तिनं बदललं नाही. आणि मी, जो एकदा एवढा फजीत झालो, तोच परत.

पोरं म्हणाली, अस्थी हरिहरेश्वरला नेऊ. मी म्हणालो, मोरीवर. फार भांडलो, जसं भांडता येतं तसं. आमच्या गावाच्या बाजूची निम्मी लाईन आता कंटेनरच्या यार्डाखाली गेलीय, पुढं मोठा रस्ता. यार्डाच्या भिंतीकडेनं चालत गेलो. सरळ पट्टा अजून दिसतो, डोळा बसलेला हवा फक्त. काठी होती, पण पावलं आपोआप पाटावर पडल्यासारखी पडत होती, बाबांसारखी. पोरांना सांगितलं, मागनं या, मोटार लावून या. मला एकट्याला जायचं होतं. मोरीचे दगड आहेत. दोनातला एक रूळ गेला, एक आहे.

निघताना हिशेब केला होता. पाऊण केली. वर काही धरलं नाही.

पोचलो तर पाणी अजून चढत होतं, मोरीत चुळबुळ करत, वरच्या रुळाकडं बघत. ओहोटी लागायला अवकाश होता. मडकं मांडीवर घेऊन रुळाच्या टोकाला बसलो. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या पाण्याच्या आधी येऊन थांबलो होतो.